ऑगस्टच्या उत्तरार्धात तिसवाडीची बेटे: पातोळ्या, पहिली कणसे आणि माटोळीचा बाजार

गोव्याचा तिसवाडी तालुका मांडवी, जुवारी, या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आणि पश्चिमेचा समुद्र यांनी चहूबाजूंनी वेढलेला आहे, त्यामुळे नकाशावर पाहिले तर पणजी शहरसुद्धा बेटावरच वसलेले आहे. मात्र शेती, नदी आणि फेरीबोट यांच्या तालावर चालणारे बेटावरचे जगणे पाहायचे असेल तर मांडवीच्या पात्रातील दिवाडी, चोडण आणि सांत इस्तेव्ह, म्हणजे स्थानिकांचे जुवे, या गावांकडे वळावे लागते. 2025 साली 15 ऑगस्टच्या हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्या, 21 ऑगस्टचा ताळगावचा कणसांचा सण, 23 तारखेचा दिवाडीचा बोंदेरां हा झेंड्यांचा उत्सव आणि 27 तारखेची गणेशचतुर्थी हे सारे एका पंधरवड्यात आले होते आणि आमचा प्रवास त्या हिशेबानेच आखलेला होता. ज्यांना हाच मार्ग धरायचा आहे त्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. पहिले तीन सण इंग्रजी तारखांना किंवा वारांना बांधलेले आहेत, चतुर्थी मात्र पंचांगाप्रमाणे सरकते. 2026 मध्ये अधिक मासामुळे ती 14 सप्टेंबरला येते, म्हणजे ऑगस्टचे सण आणि माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांचा, बाजार एका प्रवासात साधणार नाहीत. दोहोंतून एकाची निवड करायची झाल्यास मी विनासंकोच चतुर्थीपूर्वीचा आठवडा निवडेन. कारण पुढे येईलच.

या बेटांवर काय पिकते आणि केव्हा पिकते, हे समजून घेण्यासाठी प्रथम खाजन जमीन पाहावी. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून नदीकाठी माती, गवत आणि जांभा दगड यांचे बांध घातलेले असतात आणि त्यांत जागोजागी ‘मानस’ म्हणजे लाकडी झडपांचे दरवाजे बसवलेले असतात. भरती आली की पाण्याच्या दाबानेच झडप मिटते. ओहोटी लागली की शेतातले जादा पाणी तिला ढकलून नदीत उतरते. दिवाडीवर एका मानसाजवळ ओहोटीच्या वेळी उभे राहून आम्ही हे पाहिले. जुन्या फळ्यांच्या फटींतून आधी गढूळ पाण्याच्या बारीक धारा सुटतात, मग झडप किंचित करकरते आणि पाण्याचा जाड पट्टा बाहेर पडू लागतो. पावसाने जमिनीतला खार धुऊन निघाल्यावर या शेतांत कोरगुट किंवा आजगो यांसारखी खार सोसणारी भाताची वाणे लावतात. बांधांवर चालताना खेकड्यांनी पोखरलेल्या जागा आणि पावसाने मऊ झालेली कड टाळावी. बांध ही गावाची रोजीरोटी आहे, त्यामुळे त्यावरून दुचाकी नेण्याचा मोह तर मुळीच धरू नये.

15 ऑगस्टला ख्रिस्ती घरांत मारियेच्या स्वर्गारोहणाचा सण असतो आणि त्या दिवशी हमखास पातोळ्या होतात. हिंदू घरांत त्या नागपंचमीला किंवा चतुर्थीच्या सुमारास करतात. कोकणातल्या वाचकांना हा पदार्थ नवा नाही, पण इथे त्यात माडाचा काळा गूळ पडत असल्याने चव अधिक गडद लागते. दिवाडीवर आम्ही उतरलो त्या घरच्या आजींनी ताजी हळदीची पाने धुऊन, पुसून मांडली, वाटलेल्या तांदळाचा हात पानावर इतका पातळ फिरवला की खालच्या शिरा दिसत राहिल्या, मधोमध खोबरे-गुळाचे चून ठेवले आणि पान शिरेवर दुमडून मोदकपात्रात रचले. वाफवून पान सोलल्यावर त्याच्या शिरांचा ठसा पातोळीवर जसाच्या तसा उमटलेला असतो. आजींचे एकच म्हणणे होते, “गरम खाऊं नाकात, निवूं दी.” आणि ते खरे आहे, कारण निवल्यावरच हळदीच्या पानाचा वास वर येतो. हॉटेलांत पातोळ्या शोधू नयेत. घरगुती मुक्कामाची सोय करताना आधीच विनंती केली तर बहुतेक ठिकाणी मान ठेवला जातो.

ताळगावचा सण पाहण्यासाठी 21 तारखेला सकाळी लवकर पोहोचावे. सांत मिगेलच्या चर्चमधील प्रार्थनेनंतर पाद्री आणि गावकार मिरवणुकीने शेतात जातात, पहिली कणसे कापली जातात आणि आशीर्वाद दिलेली कणसे भाविक घरी नेऊन देवापुढे ठेवतात. गोव्यात पहिले भात कापण्याचा मान ताळगावला आफोन्सो द आल्बुकेर्कने दिला, अशी आख्यायिका सांगतात. पिवळ्याधमक शेतांची अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांची निराशा होईल, कारण त्या वेळी बहुतांश शेत हिरवेच असते आणि खरी कापणी पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. हा निव्वळ धार्मिक विधी आहे. खाण्याचे असे वेगळे काही तिथे नसते.

बोंदेरांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीच्या पिएदाद भागात हा उत्सव होतो. वाड्यांमधल्या जमिनीच्या हद्दीच्या भांडणांत पोर्तुगीजांनी रोवलेले झेंडे प्रतिपक्ष पाडत असे, त्याची ही हसतखेळत केलेली नक्कल आहे. मुलांच्या हातांतली ‘फोटाश’ ही बांबूची नळी आणि तिच्यातून सुटणारी हिरवी फळे अंगावर बसली की चांगलीच झोंबतात. चित्ररथ आणि बँड पाहण्यासारखे आहेत, परंतु खाद्यपदार्थांच्या टपऱ्यांवर कुठल्याही जत्रेत मिळते तेच तळलेले पदार्थ अधिक दिसतात. बेटाचे पीक चाखायला म्हणून या दिवशी जाऊ नये, गंमत पाहायला जरूर जावे. फेरीबोटीसाठी त्या दिवशी वाहनांची मोठी रांग लागते. गाडी जुन्या गोव्याकडेच ठेवून पायी चढावे, आणि परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ जातानाच धक्क्यावर विचारून घ्यावी.

खरे भरभरून पाहायला मिळते ते चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांतल्या बाजारात. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली आणि परसातली फळे, कंद, शेंगा बांधतात, हीच माटोळी. पणजीच्या बाजारात पहाटेपासून गावागावांतल्या बायका टोपल्या मांडून बसतात. लालभडक कवंडळे, कांगले, आंबाडे, तोरिंग, सुपारीचे घोस, नारळाच्या पेंडी, तवशी, चिबूड, निरफणस अशी एका ऋतूची अख्खी वनस्पतिसृष्टी तिथे फूटपाथवर उतरलेली असते. यांतली कितीतरी फळे खाण्याची नाहीत, केवळ टांगण्याची आहेत, तेव्हा विचारल्याशिवाय काही तोंडात टाकू नये. विक्रेत्या कामाच्या घाईत असतात, तरी एखादी वस्तू विकत घेऊन नाव विचारले तर तिचा उपयोगही आपणहून सांगतात. नुसता कॅमेरा रोखून उभे राहणाऱ्यांना मात्र उत्तर मिळत नाही, आणि मिळूही नये.

जुव्याची भेंडी याच सुमारास भरात असते. सात शिरांची, हातभर लांबीकडे झुकणारी आणि फिकट हिरवी अशी ही भेंडी ‘सात शिरो भेनो’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळवून आहे. ती निबर दिसते म्हणून अनेक पर्यटक नाकारतात, परंतु लांबी वाढूनही ती कोवळी राहते हाच तिचा गुण आहे. टोक वाकवून पाहावे, टचकन मोडले तर घ्यावी. तिच्यासाठी बेटावर जाण्याचीही गरज नाही, सकाळी लवकर गेल्यास ती पणजीच्या बाजारात सापडते. फागला म्हणजे आपली कर्टोली आणि तायखिळा म्हणजे टाकळा याही भाज्या तिथेच दिसतील, पण त्यांचा बहर जुलैत असतो.

मासे खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि ऑगस्टमध्येही समुद्र खवळलेला असला की होड्या परत धक्क्याला लागतात. त्या काळात खाजनातले आणि नदीतले शेवटे, काळुंद्र, खेकडे हेच उत्तम. शिवाय श्रावण असल्याने हिंदू घरांत बहुधा शाकाहारच असतो. यजमानांकडे मासळीचा आग्रह धरू नये. जुलैच्या अखेरीस जाणे शक्य असेल तर तळावलीच्या सांत आना चर्चमधला तवशांचा सण पाहावा, जिथे मूल व्हावे म्हणून काकड्या वाहतात.

रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्थानक सर्वांत सोयीचे आहे. तिथून जुने गोवे आणि दिवाडीची फेरी जवळ पडते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक लागू असते आणि गाड्या संथ धावतात, म्हणून तिकीट काढताना नव्या वेळा तपासाव्यात. चोडणला जायचे असल्यास रायबंदरहून फेरी आहे. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्वेकडे जाणारी फेरीही चुकवू नये. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ पाडल्यावर देव पलीकडे नार्व्याला गेला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. फेरीत पायी प्रवाशांना तिकीट लागत नाही. छत्रीपेक्षा रेनकोट आणि चिखलात चालणारी चप्पल बरी, कारण धक्क्यावर वारा छत्री उलटी करतो. बाजारासाठी सुट्टे पैसे ठेवावेत. हळदीची पाने घरी न्यायची असतील तर ती ओल्या कापडात गुंडाळावीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती दुसऱ्या दिवशीच काळी पडू लागतात. भेंडी मात्र पूर्ण कोरडी करून कागदात ठेवावी.