घोडीची वाट

सप्टेंबरातली सकाळ होती. डार्टमूरच्या उत्तर भागात, क्रॅनमियर पूल नावाच्या पाणथळ खोलगट जागेच्या थोडं अलीकडे, मी जमिनीत रोवलेल्या नळ्यांमधली पाण्याची पातळी मोजत होते. धुकं इतकं दाट की आमचा पोकलेन कानावर येत होता पण दिसत नव्हता. तेवढ्यात त्याचा आवाज थांबला आणि रेडिओवर चालकाचा निरोप आला, "खाली ये. घोडी रुतलीय. आपल्या डबक्यात."

'आपल्या' या शब्दानं पोटात गोळा आला.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं हे राष्ट्रीय उद्यान १९५१ सालचं, क्षेत्रफळ ९५४ चौरस किलोमीटर. लोक इथे येतात ते टेकड्यांच्या माथ्यावरचे ग्रॅनाइटचे सुळके बघायला. त्यांना टॉर म्हणतात. मी काम करते तिथे टॉर नाहीत, झाड नाही, आडोसा नाही. पिवळं पडलेलं गवत, खाली काळं पीट आणि वर ढग. पण डार्ट, टॉ, टॅव्ही या नद्या याच ओल्या माथ्यावरून निघतात.

पीट म्हणजे पुरतं न कुजलेलं शेवाळ. स्फॅग्नम नावाचं शेवाळ पाण्यात बुडून राहिलं की नीट कुजत नाही, थरावर थर साचतो. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे माझ्या उंचीएवढं पीट साचायला दीड हजार वर्षांच्या वर लागतात. माणसांनी ते जळणासाठी कापलं, चर काढून वाळवलं, त्यावर वणवे पेटले, तोफगोळे पडले. मग घळी पडल्या, पाणी धावत सुटलं आणि पीट वाळून उडू लागलं. आम्ही त्या घळींना पिटाचे आणि लाकडाचे छोटे बांध घालतो. पाणी अडतं, शेवाळ परत येतं. पाणलोटाची कामं पाहत सातारा जिल्ह्यात मोठी झालेल्या मला हे काम पहिल्या दिवसापासून घरचं वाटलं.

इथे फावडं लावण्याआधी बरंच काही तपासावं लागतं. लष्कराच्या सरावाची जागा म्हणून न फुटलेले गोळे शोधायचे. डनलिन नावाचा चिमुकला पाणपक्षी इथे घरटी करतो, म्हणून घरट्यांचा हंगाम सोडून खणायचं. आणि पुरातत्त्वाची परवानगी घ्यायची. ती नुसती कागदापुरती नाही. २०११ साली जवळच्याच व्हाइटहॉर्स हिलवर झिजत्या पिटातून डोकावणारी एक दगडी पेटी उघडली गेली. आत सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या एका तरुण व्यक्तीच्या अस्थी होत्या, अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेल्या, सोबत विणलेली पिशवी, अंबरचे आणि कथिलाचे मणी. ओल्या पिटानं कातडंसुद्धा टिकवलं होतं. ते पीट वाळलं असतं तर यातलं काहीच हाती लागलं नसतं. मी हे काम करते त्यामागे ती पेटी आहे, हे मला सांगावंसंच वाटतं.

हे सगळं माझ्या नकाशावर होतं. पिटाची खोली, घळी, गोळे, घरटी, प्रागैतिहासिक दगड, प्रत्येकाचा वेगळा रंग.

मी पोचले तेव्हा घोडी पोटापर्यंत आत होती. तपकिरी, आखूड पायांची, मान ताठ ठेवून निश्चल. मला वाटलं होतं ती धडपडत असेल. ती धडपडून संपली होती, आणि तेच जास्त भीतीचं. तिचा मालक चारचाकी बाइकवर आला. इथली घोडी मोकळी चरतात, पण बेवारस एकही नाही. प्रत्येकाला मालक आहे आणि त्या मालकाला या सामायिक कुरणावर चराईचा पिढीजात हक्क आहे. सत्तरीचा तो माणूस माझ्याशी एक शब्द बोलला नाही. फक्त म्हणाला, "गळ्याला दोर लावायचा नाही. कुणीच."

आम्ही बांधाच्या फळ्या गाळावर पसरल्या. फळीवर पालथं पडून मी तिच्या कुशीलगतचं पीट हातांनी उपसत राहिले. चिखल धरून ठेवतो तो वजनानं नव्हे, ओढीनं. हवा-पाणी आत शिरल्याशिवाय तो सोडत नाही. नाकापासून वीतभर अंतरावर लालसर दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती उगवलेली होती, एका पानाला चिलट चिकटलेलं. साताऱ्याच्या कास पठारावर शाळेच्या सहलीत बाईंनी दाखवलेल्या दवबिंदूची ही चुलत बहीण. अशा वेळी असलं काही दिसतं आणि कायमचं लक्षात राहतं.

पुढच्या पायांमागून एक रुंद पट्टा आणि पुठ्ठ्यामागून दुसरा. पोकलेन दूर घट्ट जागी उभा करून चालकानं इतकं हळू ओढलं की पट्टे हलतायत की नाही तेच कळेना. म्हातारा तिच्या कानाशी अखंड काहीतरी बोलत होता. तासाभरानं चिखलानं मोठा आवाज केला आणि ती कुशीवर बाहेर आली. मग आम्ही तिघांनी पोत्यांनी तिला चोळचोळ चोळलं, कारण बाहेर निघाल्यावरही गारठ्यानं जनावर जातं. वीस मिनिटांनी ती थरथरत उभी राहिली.

तेव्हा तो बोलला. तुम्ही पाणी अडवता त्याला माझा विरोध नाही, म्हणाला. माझ्या वडिलांच्या वेळी हा माथा याहून ओला होता. पण घोडी रोज त्याच वाटेनं जातात, आणि तुम्ही तिच्या वाटेवर खड्डा केलात, तोही उभ्या कडेचा.

त्याचं खरं होतं. बांध मीच आखला होता. पिटाच्या रक्षणासाठी चराई कमी करा, असं म्हणणाऱ्यांमध्ये मीही होते. पण मोलिनिया हे उंच गवत माजून सगळा माथा गिळतंय, आणि ते रेटून चरायला हीच घोडी आणि गुरं लागतात. २०२३ सालच्या सरकारी पाहणीनंही मोलिनियाकडे बोट दाखवलं होतं. मी तो अहवाल वाचला होता. या माणसाच्या दारात मात्र कधी गेले नव्हते.

मी बाइकच्या सीटवर नकाशा पसरला. त्याला पेन्सिल दिली. त्यानं चष्मा पुसला, बराच वेळ शोधून आधी आपलं कुंपण सापडवलं आणि मग वाटा काढू लागला, एकेक, सावकाश, पाण्याच्या जागी थांबत. अकरा रेघा झाल्या. त्यातली एक, आम्ही गुरुवारी खणणार होतो त्या घळीच्या बरोबर मधून जात होती.