सोलापुरात, गच्चीवर आइसलँड

पुण्याहून निघालं की भिगवणच्या पुढे एसटीच्या डाव्या खिडकीत बसावं. उजनीचं पाणी बराच वेळ सोबत करतं. पळसदेवपाशी शेजारच्या आजोबांनी बोटाने दिशा दाखवली : पाणी उतरलं की जुनं पळसनाथाचं देऊळ तिकडे उघडं पडतं. मला पाण्यापलीकडे काही दिसलं नाही, पण ते रात्री आठवणार होतं.

आषाढाचे दिवस. पुण्यात झड लागलेली आणि मोहोळ ओलांडलं तरी इथे नुसते ढग. सोलापूरला जायचं कारण साधं होतं. मित्राच्या मामांचा बँड आहे, ते क्लॅरोनेट वाजवतात. लग्नसराई संपली की चार महिने हात रिकामे. मला त्यांच्यासोबत ‘हेइमा’ बघायचा होता. सिगुर रोस या आइसलँडच्या बँडवरचा हा माहितीपट 2007 साली आला. जगभर नाव कमावून झाल्यावर 2006 च्या उन्हाळ्यात ही मंडळी मायदेशी परतली आणि गावोगाव फुकट वाजवत फिरली, बऱ्याच ठिकाणी आधी फारसा गाजावाजा न करता. दिग्दर्शक डीन डीब्लॉइस कॅनडाचा, ‘लिलो अँड स्टिच’ या कार्टूनपटाच्या दोघा दिग्दर्शकांपैकी एक.

मित्राचं घर पूर्व भागात. रस्त्याने चालताना दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खटखट, अधूनमधून कानावर तेलुगू. गच्चीवर प्रोजेक्टर लावला आणि पडद्याला पांढरी चादर मागितली, तर घरात एकही सापडेना. सोलापूरच ते, सगळ्या चादरींवर नक्षी! शेवटी शेजारून एक धोतर आलं.

मामांनी पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा. “सुपारी किती घेतली?” फुकट वाजवलं म्हटल्यावर ते काही भारावले नाहीत. “गड्ड्याला आम्ही काठ्यांपुढं वाजवतो, तिथं कोण तिकीट काढतंय?” गड्डा म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वरांची यात्रा. तिच्यात सात नंदीध्वज, म्हणजे याच काठ्या, निघतात, अख्खं गाव रस्त्यावर असतं. मी परदेशी बँडच्या औदार्याबद्दल घरून ठरवून आणलेलं बोलणं गुंडाळून ठेवलं.

बँडचा गायक योन्सी गिटारच्या तारांवर चेलोचा गज ओढतो, ते मात्र त्यांनी पुढे सरकून पाहिलं. गाणी बरीचशी आइसलँडिक भाषेत आणि काही ठिकाणी तर कुठल्याच भाषेत नाहीत, नुसते तोंडातून निघणारे स्वर. “आमचं क्लॅरोनेट कुठल्या भाषेत बोलतंय?” मामा म्हणाले. विषय संपला.

माझ्या मते या चित्रपटातला सर्वांत भारी भाग द्युपाविकचा आहे. पश्चिमेकडच्या खाडीकाठचं एवढंसं गाव. 1935 मध्ये तिथे हेरिंग माशांचा प्रचंड कारखाना सुरू झाला. मासा आटला तसा 1954 मध्ये बंद पडला. तिथे माशाच्या तेलाच्या रिकाम्या टाकीत हे लोक वाजवतात. टाकीच्या भिंती सूर सोडतच नाहीत, परतवून परतवून देतात. वादक आणि इमारत दोघं मिळून वाजवतात असं वाटतं. मामा एकदम उठून बसले. रेल्वेच्या पुलाखालून वरात जाते तेव्हा ते शेवटची तान मुद्दाम लांबवतात, कारण तेवढी एकच जागा त्यांना जास्तीचा आवाज देते. “बाकी सगळीकडं डीजेपुढं आमचं कोण ऐकतंय.”

बंद कारखान्याचं त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. त्यांचे वडील गिरणीत होते. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं ते गेलेल्या नातेवाइकांची घ्यावी तशी घेतात. भोंग्यावर गाव उठायचं, जेवायचं. भोंगा कुठल्या सुरात होता, हे मामांनी तोंडाने काढून दाखवलं. त्याचं ध्वनिमुद्रण कुणाकडे असेल का? मित्राने खांदे उडवले.

मग धरणाचा भाग आला. काराह्न्यूकर धरणाला विरोध करणाऱ्यांच्या तळावर बँड विजेची वाद्यं बाजूला ठेवून वाजवतो. त्या धरणाची वीज ॲल्युमिनियमच्या कारखान्यासाठी. 57 चौरस किलोमीटरचा जलाशय होणार होता आणि झालाही. उजनीचं पाणी पिणाऱ्या गच्चीवर हे बघताना कुणीच काही बोललं नाही. मग मामींनीच विचारलं, “तिथं गावं किती गेली?” गावं नव्हती, मोकळं माळरान होतं, म्हटल्यावर त्या जिन्याकडे वळल्या. उजनीखाली गावंच्या गावं गेली आहेत. त्यांच्या हिशेबात माळरान बसेना.

चित्रपटात दोषही आहेत. वादकांच्या मुलाखती फारच बुजऱ्या, निसर्गाची दृश्यं गरजेपेक्षा लांबलेली. रेक्याविकमधल्या मोठ्या कार्यक्रमापेक्षा गावच्या सभागृहात मुलाबाळांसह आलेली माणसं बघायला मला जास्त आवडलं. मामांचं मत याच्या उलट, गर्दी बघून त्यांना हुरूप आला. आणि एका गाण्यात पितळी वाद्यंवाले वाजवत चालत येतात, तो तुकडा त्यांनी परत लावायला सांगितला. पुन्हा बघून म्हणाले, पावलं आणि ठेका जुळत नाहीत, आमच्यात असं केलं तर मास्तर घरी पाठवील.

सकाळी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. मित्राने तेवढ्यात विषय काढला की यंदा गड्ड्याला आपणही मामांच्या बँडमागे कॅमेरा घेऊन फिरू. मामा तयार झाले, पण एका अटीवर. मागे एका लग्नाचा व्हिडिओ त्यांना बघायला मिळाला होता. वरातीत त्यांचा अख्खा बँड दिसत होता, क्लॅरोनेटवरची बोटंसुद्धा स्पष्ट. आणि वर सिनेमातलं गाणं चिकटवलेलं.

“तसबीर कशी का येईना,” मामा म्हणाले, “आवाज आमचाच ठेवा.”

रेकॉर्डर कुठला घ्यावा, यावर मी आणि मित्र स्टँडपर्यंत भांडत आलो.