कुर्डीच्या तळातला माग

साळावली धरणाचं पाणी उतरायला लागलं की मे महिन्यात कुर्डी गाव वर येतं. घरांचे चौथरे, वठलेल्या झाडांची खोडं, विहिरींचे काठ, जुन्या रस्त्याचा तुकडा, सोमेश्वराचं ठिकाण. धरणासाठी हे गाव उठवलं, माणसं वाडे आणि वालकिणी या गावांत नेऊन वसवली, महादेवाचं जुनं दगडी मंदिर एकेक दगड सोडवून धरणाजवळ परत उभं केलं. गायिका मोगूबाई कुर्डीकर मूळच्या याच गावच्या. दक्षिण गोव्याच्या नळांना येणारं पाणी आज या गावावरून येतं. जून लागला की सगळं पुन्हा बुडतं, पण त्याआधीचे काही आठवडे तिथे मैलभर भेगाळलेली उघडी जमीन असते आणि सावलीला एक पान नसतं. गोव्यात वाळवंटाची तालीम करायची तर याहून बरी जागा मला माहीत नाही.

तालीम करायची होती ती चार मित्रमैत्रिणींना. माझं फोंड्याला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. हे चौघे कॉलेजपासूनचे. दोघे वेर्ण्याच्या कारखान्यात, एक पणजीला सरकारी कचेरीत, आणि चौथी शाळेत विज्ञान शिकवते. तिला सगळे टीचर म्हणतात, मीही तेच म्हणतो. थंडीत थरच्या वाळवंटात जायचं, जैसलमेरहून निघून साम आणि खुरीच्या बाजूच्या कच्च्या वाटांनी चार दिवस सायकल चालवायची, तंबूपासून तांदळापर्यंत सगळं सायकलवरच बांधायचं आणि मागे गाडी ठेवायची नाही, असा त्यांचा बेत. सायकली नव्या, आणि रविवारी सकाळी मिरामारपर्यंत जाऊन येण्यापलीकडे कुणी काही केलेलं नव्हतं. मी म्हटलं, आधी इथे तीन दिवस काढा, मग तिकिटं काढा. ते म्हणाले, दादा, मग तुम्हीच चला मेकॅनिक म्हणून. रोज ठरला आणि मी दुकान पोरावर सोपवून निघालो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सामान बघितलं. नवखा माणूस जड वस्तू जिथे जागा दिसेल तिथे कोंबतो. कारखान्यातल्या एकाने तंबू, स्टोव्ह आणि भांडी सगळं हँडलला बांधलं होतं, सायकल वळायलाच तयार नव्हती. पाणी दोघांनी सीटमागच्या लांब पिशवीत ठेवलेलं. एक लिटर म्हणजे एक किलो, पाच लिटर मागे लोंबायला लागले की प्रत्येक खड्ड्याला सायकलचं शेपूट हलतं. पाणी खाली, फ्रेमच्या त्रिकोणात. कपडे आणि झोपायचं मागे. तंबूचं कापड पुढे, त्याच्या दांड्या फ्रेमला. टीचरनी मात्र सगळं आधीच वजन करून आणलं होतं. पाणी सगळ्यांत जास्त त्यांच्याकडेच होतं.

पहिला दिवस धारबांदोड्याकडच्या खाणींच्या वाटांनी गेला. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुढे सुरू झाल्या, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर हे रस्ते पुन्हा ओस पडले. ज्या वाटांवर ट्रकांची रांग तुटत नसे तिथे आम्ही शांतपणे सायकली चालवत होतो. तांबडी धूळ मात्र तेवढीच. चेनला तेल जास्त घातलं की ती धूळ चेनवर बसते आणि दिवसभरात दाते घासते, हे चौघांना चेन पुसायला लावून दाखवलं. रात्री सांग्याजवळ ओळखीच्या एका घराच्या अंगणात तंबू लागले. पेज आणि खारातलं आंबट खाऊन सगळे लवकर झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही धरणाच्या तळात उतरलो. वरचा थर कोरड्या गाळाचा, पिठासारखा बारीक, मधे मधे चिऱ्याचे तुकडे आणि पडक्या भिंतींचे दगड. टायरमधली हवा कमी करायला लावली, कारण भुसभुशीत जमिनीवर फुगलेलं टायर कापत जातं आणि मऊ टायर पसरून वर राहतं. वाळूतही हेच लागू. तासाभरात कचेरीवाल्याच्या मागच्या टायरची बाजू एका चिऱ्याच्या धारेवर चिरली. ट्यूबलेस टायर, आतलं पांढरं सीलंट फुर्रकन बाहेर. बोटाच्या पेराएवढा काप, त्यात रबराची वात घालून भागण्यासारखं नव्हतं. दोघा कारखानेवाल्यांना आणि टीचरना म्हटलं, उन्हात ताटकळू नका, सोमेश्वरापाशी जाऊन थांबा, आम्ही आलोच.

या कामात घाई चालत नाही. ट्यूबलेस टायर काटे पोटात घेऊन चालतं, काटा घुसला तरी सीलंट भोक बुजवतं आणि चालवणाऱ्याला कळतही नाही. पण त्यात ट्यूब घालायची वेळ आली की तेच लपलेले काटे ट्यूबला पाच मिनिटांत भोसकतात. म्हणून आधी आतून पूर्ण वेढा चाचपायचा. बोटाने नाही, फडक्याने. फडकं अडकलं तिथे काटा. आम्हाला खैराचे सापडले. थरमध्ये गोखरू असतं आणि भुरट गवताची काटेरी बोंडं असतात, तिथे ही तपासणी रोजची. मग कापावर आतून जुन्या टायरचा तुकडा ठेवला, ट्यूब घातली, हवा मारली. कचेरीवाल्याकडून शेवटचं सगळं त्याच्याच हातांनी करून घेतलं.

आम्ही निघालो आणि पुढच्यांच्या चाकांचा माग धरला. गाळावर तो छापल्यासारखा उमटला होता. नव्या सायकलींपैकी टीचरच्या सायकलला मीच आखूड, दाट नक्षीचं टायर घातलेलं, त्यामुळे तिघांचा माग वेगवेगळा ओळखू येत होता. सायकल सरळ चालत असते तेव्हा मागचं चाक पुढच्याच्या मागावरूनच जातं, जमिनीवर एकच रेघ दिसते. दोघांच्या रेघा तशाच होत्या. टीचरची रेघ थोड्या अंतरावर फाटायला लागली. पुढचं चाक डावीकडे, मागचं त्याला कापून, पुन्हा उजवीकडे, वेणीसारखं. तिथे वाळू खोल नव्हती, दगड नव्हता, चढ नव्हता. पुढे त्या वेणीशेजारी बुटाचा ठसा. पाय टेकलाय. परत चालवलंय. दहा हातांवर परत ठसा.

सायकल बिघडली असती तर माग वेगळा दिसला असता. चाकाला आउट असला, म्हणजे चाक वाकडं फिरत असलं, तर माग ठरावीक अंतराने डुलतो, हँडल सैल असलं तर बारीक थरथरतो. हा माग माणूस थकल्याचा होता. मी कचेरीवाल्याला म्हटलं, जोरात चल. बाकी दोघांच्या रेघा सरळ पुढे गेल्या होत्या, त्यांना मागे काय चाललंय याचा पत्ता नव्हता.

टीचर एका वठलेल्या खोडाला टेकून बसल्या होत्या. सायकल आडवी. चेहरा पांढरट, अंगाला घाम भरपूर, हात गार आणि चिकट. डोकं ठणकतंय आणि मळमळतंय म्हणाल्या. मी नाव विचारलं, वार विचारला, आपण कुठे आहोत विचारलं. सगळं बरोबर सांगितलं. त्याने जरा धीर आला, कारण बोलणं बरळायला लागलं, अंग तापलं, माणूस भानावर राहिनासा झाला, की तो उष्माघात असतो आणि मग वेळ अजिबात हातात नसते. हे त्याच्या अलीकडचं होतं. पण अलीकडचं पलीकडे जायला त्या उन्हात फार वेळ लागत नाही. सावली नव्हती, तेव्हा दोन सायकली उलट्या उभ्या करून वर तंबूचं कापड टाकलं. बूट, हेल्मेट काढलं, ओला पंचा मानेवर आणि काखेत, कचेरीवाला ताटलीने वारा घालायला बसला. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये कालवलं आणि घोट घोट दिलं. पाकीट अर्धं घालून किंवा कमी पाण्यात गडद करून चालत नाही.

पाणी ओतायला त्यांच्या फ्रेममधली पिशवी काढली तर ती भरलेली. सकाळी निघताना होती तेवढीच. सगळ्यांत जास्त पाणी वाहून आणणाऱ्या माणसाने ते प्यायलंच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, तहान नव्हती लागली.

तेवढ्यात कारखानेवाले परत आले आणि त्यांच्याबरोबर छत्री घेतलेली एक म्हातारी बाई आणि तिचा मुलगा. वालकिणीचे. रविवार म्हणून नातवंडांना आपल्या जुन्या घराची जागा दाखवायला आले होते. बाईंनी छत्री टीचरच्या डोक्यावर धरली, आम्हा सगळ्यांना हाताने मागे सारलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाये, सकाळच्यान भायर गेल्ली गो?"

टीचरनी मान हलवली. नाही. मग डोळ्यांत पाणी आलं.

मुलाची गाडी जुन्या रस्त्याच्या तुकड्यापर्यंत आली होती. तिथवर धरून नेलं आणि त्याने सांग्याच्या आरोग्य केंद्रात पोचवलं. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, संध्याकाळपर्यंत पडून राहायला लावलं, दोन दिवस ऊन नको म्हणाले. तिसरा दिवस आम्ही तिथेच रद्द केला.

संध्याकाळी केंद्राच्या व्हरांड्यात चौघे बसले होते. एकजण म्हणाला, अगं, सांगायचं ना आम्हाला. टीचर म्हणाल्या, "काय सांगू? थांबा, मला जायचंय? आणि जाऊ कुठे? एक झुडूप तरी होतं का तिथे? तुम्ही रस्त्याकडे पाठ केली की झालं. मी काल संध्याकाळपासूनच पाणी तोडलं होतं, इथे काय असणार ते ठाऊक होतं म्हणून. शाळेतही दिवसभर तेच करते."

मला हे ऐकून राग आला तो त्या पोरांचा नाही. ती पोरं भली आहेत, आणि त्या क्षणी त्यांची तोंडं उतरली होती. राग आला तो असल्या प्रवासांच्या याद्यांचा. पंप, पॅच, पाने, गिअर अडकवायचा जादा हँगर, चेनची कडी, स्टोव्ह, नकाशा, सगळं त्यात असतं. पाणी किती लिटर न्यायचं तेही असतं. ते पाणी बाईमाणसाने प्यायचं कसं, हे नसतं. शेतात, बाजारात, रस्त्याच्या कामावर, एसटीत बायका हेच करतात, घशाला कोरड पडली तरी घोट टाळतात. त्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की चार जिवलग मित्रांत तीन महिने बेत चालला आणि कुणाच्या तोंडून एकदाही हा विषय निघाला नाही.

थरमध्ये हे आणखी कठीण. गोव्यात घामाने शर्ट चिंब होतो, निदान दिसतं तरी. तिथल्या कोरड्या हवेत घाम येतो तसा उडून जातो, शर्टावर नुसती मिठाची पांढरी रेघ उरते, आणि थंडीच्या दिवसांत तहानही कमी लागते. जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही, आपल्याकडे तीन हजारांच्या आसपास. तिथे ढाणीवरच्या, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्तीवरच्या, टाक्यात साठवलेलं पावसाचं पाणी म्हणजे त्या घराचं पुढच्या पावसापर्यंतचं पाणी. ते विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि दिलं तर सांडायचं नाही. असं मिळालेलं पाणी पिशवीत तसंच वागवत माणूस आडवा पडला तर काय उपयोग.

बेत त्यांनी सोडला नाही, मीही सोडा म्हटलं नाही. जूनपासून डिसेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी चौघे कुठे ना कुठे जात राहिले. दर तासाला थांबा, आणि तो घड्याळ बघून, कुणी मागितला म्हणून नाही. थांबा झाला की तिघांनी शंभर पावलं पुढे जाऊन पुढेच तोंड करून उभं राहायचं. टीचरकडे मोठी काळी छत्री, तिच्या काडीला शिवलेला जुन्या साडीचा घेर, आणि खड्डा खणायला छोटी खुरपी. छत्री मिटली की निघायचं. लघवी गडद पिवळी असेल तर पुढच्या तासात अर्धा लिटर जास्त, हे चौघांनाही. पहिल्या वेळी अवघडल्यासारखं झालं, तिसऱ्या वेळी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही, असं टीचरनीच मला सांगितलं. आणि दुसरा नियम मी घालून दिला: सगळ्यांत मागचा गडी पुढच्यांचे माग बघत येणार. रेघ फाटली की शिट्टी. मागचा गडी रोज बदलायचा. वाळवंटात हे नवीन नाही, राजस्थान-गुजरातच्या सीमेवर पावलांचे ठसे वाचणारे पागी पिढ्यान् पिढ्या हे काम करत आले आहेत.

जानेवारीत ते जाऊन आले. सायकली माझ्याकडे आल्या तेव्हा चेन ताणून धरणाऱ्या मागच्या छोट्या जॉकी व्हीलमध्ये वाळू, केबलच्या नळ्यांत वाळू, आणि टायरच्या आत भुरट. कारखानेवाल्याचा एक स्पोक खुरीजवळ तुटला होता, तो त्याने स्वतः बदलून चाकाचा आउट काढला होता, आणि बरा काढला होता. टीचरची तक्रार एकच. बाटल्या फ्रेमच्या पिशवीत असल्या की प्रत्येक वेळी थांबून पिशवीची झिप उघडावी लागते, चालता चालता घोट घेता येत नाही. त्यांना पुढच्या फोर्कवर दोन्ही बाजूंना बाटल्या हव्या आहेत. फोर्कला त्यासाठी भोकं नाहीत, पाडायची तर फोर्क कमजोर होतो, म्हणून रबर लावून क्लँप बसवतोय. उजवीकडचा बसला, डावीकडचा डिस्क ब्रेकच्या केबलला घासतो, तो थोडा वर घ्यावा लागेल.