टेप डेकच्या एका स्क्रूसाठी

आयसी मिळतो, कपॅसिटर मिळतो, रबरी बेल्टसुद्धा आठवड्यात घरपोच येतो, पण स्क्रू काही मिळत नाही. जुनी मशीन खोलणाऱ्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. दुकानात जायचं, हातातला गंजका तुकडा पुढं करायचा आणि "असला नाही येत आता" ऐकून परत यायचं.

सध्या माझ्या टेबलावर सांगलीच्या गावभागातल्या एका काकांचा जपानी कॅसेट डेक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा हा खालच्या फळीवर होता, कॅसेटी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जे गाणं होतं त्यातल्या कॅसेटी आहेत त्या, काकांनी स्वतः पुढं बसून रेकॉर्ड केलेल्या, आता त्यांना त्या कॉम्प्युटरवर उतरवून नातवंडांना द्यायच्यात. बेल्ट बदलला, मोटर मस्त फिरते, पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, तर गायबच.

कारण एक स्क्रू. हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, दोन स्क्रूंवर बसतं, एक पक्का आणि दुसऱ्याच्या खाली बारीक स्प्रिंग, हा दुसरा म्हणजे ॲझिमथचा, तो फिरवला की हेडची फट टेपला बरोबर काटकोनात येते आणि ती जरा जरी तिरकी राहिली तरी पहिले वरचे सूर जातात. काकांच्या डेकमधला गंजून बसलेला, डोक्याची फुली पार झिजलेली आणि आधी कुणीतरी पकडीनं ओढून आटेही घालवलेले.

आता हा शोधायचा कसा, तर आधी माप. डिजिटल व्हर्निअर घ्या, फार महाग नसतो. जाडी बघायची आणि मग दहा आट्यांचं अंतर मोजायचं, एम२ (म्हणजे २ मिमी जाडीचा) असेल तर ४ मिमी, एम२.५ ला ४.५, एम३ ला ५. नुसत्या डोळ्यांनी एम२ आणि एम२.५ मध्ये गफलत होतेच. लांबी डोक्याच्या खालून धरायची, पण डोकं चपटं, आत बुडणारं असेल तर डोक्यासकट. आणि लांबीत तडजोड अजिबात नको, लॅपटॉपमध्ये मिलिमीटरभर जास्त लांब स्क्रू थेट बोर्डात घुसून ट्रॅक, म्हणजे तांब्याची रेघ, तोडू शकतो. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये तर अजून एक घोळ, मोठ्या हार्डडिस्कला इंची आट्यांचा ६-३२ आणि छोट्या एसएसडीला एम३, दोन्ही दिसायला भाऊ भाऊ, पण ६-३२ चा एम३ च्या भोकात दामटला की भोकच संपलं.

कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला नटबोल्टवाल्यांकडं एम३ पासून पुढं पाहिजे ते मिळतं, त्याच्या खाली गाडी अडते. चष्म्याच्या दुकानातले स्क्रू या कामाला फारच बारीक. ऑनलाइन डबे येतात त्यात एम२ असतात, पण डोकं जाड, हेडच्या फटीत मावत नाही. खरी खाण म्हणजे भंगार. मेलेले टेपरेकॉर्डर, वॉकमन, कारटेप, यांच्या हेडला बऱ्याचदा तसलाच स्क्रू असतो, स्प्रिंगसकट. मला मिळाला तो असाच किलोवर घेतलेल्या एका कारटेपमधून, डोक्यावरचा सीलचा लाल रंगसुद्धा शाबूत.

जपानी स्क्रू सोडवताना आपला नेहमीचा फुलीचा फिलिप्स ड्रायव्हर वापरू नका, डोक्यावर बारीक टिंब दिसलं तर बहुतेक तो जेआयएसचा, म्हणजे जपानी मानकाचा, आणि त्याची फुली वेगळी, फिलिप्सची टोकं त्यात नीट तळाला टेकत नाहीत, घसरतात आणि डोकं खातात. जेआयएसचा ड्रायव्हर मागवून ठेवा, पैसे वसूल होतात. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवायचा, टक् करून जुन्या आट्यात बसल्याचं बोटाला कळतं, मग सुलटा. बरेच मेकॅनिक घाईत हे करत नाहीत आणि दोनतीनदा खोललं की प्लास्टिक भुसभुशीत, मग फेविक्विक घाला नाहीतर टेप मारा. मला याचा खरंच राग येतो, चांगली मशीन अशानं भंगारात जातात.

ॲझिमथ काकांना शेजारी बसवूनच लावला, त्यांचीच कॅसेट चालू ठेवून, पाव पाव फेरा सुद्धा नाही, नखाएवढा इकडं, नखाएवढा तिकडं, जवारी उघडली तसे काका "थांब थांब, हितंच" म्हणले. वरून नेलपॉलिशचा थेंब टाकून लॉक केला.

खालच्या झाकणाचे दोन अजून बाकी आहेत, काळे, रुंद डोक्याचे, ३ मिमी जाड, ८ मिमी लांब, पत्र्यात जाणारे. सांगली-मिरजेत कुणाकडं बंद पडलेला डेक असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी कळवा, आणि देणारच असाल तर निदान स्क्रू काढून एका डबीत ठेवा, वर मशीनचं नाव लिहून.