ढापणीचं सोवळं

पाचवीत चष्मा लागला तेव्हापासून मी ढापणी. दहावीपर्यंत नंबर मायनस साडेपाचला पोचला होता, आता उजवा साडेसहा आणि डावा सहा आहे. एवढा नंबर असूनही लेन्स लावाव्यात असं बेचाळीस वर्षांत कधी मनात आलं नाही. लग्नात फोटोग्राफर म्हणाला, "ताई, चष्मा काढा ना दोन मिनिटं." मी म्हटलं, मग मला नवरा कुठे उभा आहे ते कोण सांगणार?

मग गेल्या वर्षी ढोल पथकात नाव घातलं. गणपतीच्या दोन महिने आधी नदीपात्रात सराव सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी कळलं की ढोल आणि चष्मा यांचं जमत नाही. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताने थाप. घामाने चष्मा नाकावरून घसरतो आणि तो वर ढकलायला हातच मोकळा नसतो. त्यात पाऊस आला की काचांवर थेंब आणि आतून वाफ. ताशेवाल्याचा इशारा मला दिसायचाच नाही, शेजारणीच्या टिपरूकडे बघून मी अर्धा ठोका मागून वाजवायचे. मागच्या रांगेतली कॉलेजातली पोर एकदा म्हणाली, "काकू, लेन्स घ्या ना!" काकू हा शब्द जास्त लागला, पण सल्ला मानला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी डोळे तपासले, मग बुबुळाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, बाक मोजला. चष्म्याचाच नंबर लेन्सला चालेल असं मी धरून चालले होते. चालत नाही. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण बारा मिलिमीटरवर असते आणि लेन्स थेट बुबुळावर बसते, त्यामुळे मायनस चारच्या पुढे फरक पडायला लागतो. साडेसहाची माझी लेन्स सहाची निघाली आणि सहाची साडेपाचची. पाकिटावर आणखी दोन आकडे असतात, ८.६ आणि १४.२ असे काहीसे. पहिला बाकाचा, दुसरा व्यासाचा. म्हणून मैत्रिणीचा नंबर आपल्याएवढाच असला तरी तिच्या लेन्स आपल्याला चालतीलच असं नाही.

लावायला शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल. तिने लेन्स माझ्या बोटाच्या टोकावर ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, कडा बघा. वाटीसारखी सरळ उभी असेल तर बरोबर. बशीसारखी बाहेर पसरली असेल तर उलटी आहे." पहिली लेन्स बसायला चाळीस मिनिटं लागली. बोट जवळ आलं की पापणी आपोआप मिटायची, पापण्यांना कुणी तरी स्प्रिंग लावल्यासारखी. शेवटी युक्ती कळली ती अशी: वरची पापणी मधून न धरता अगदी केसांच्या मुळाशी धरायची, आणि बोट कोरडं ठेवायचं. बोट ओलं असलं की लेन्स बोटालाच चिकटून राहते, डोळ्यावर जायला तयार होत नाही.

बसली आणि भिंतीवरचं कॅलेंडर एकदम मोठं झालं. खरंच मोठं. मायनसच्या जाड काचा सगळं जग थोडं लहान करून दाखवतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. जिना उतरताना पायऱ्या जवळ आल्यासारख्या वाटल्या, कठडा धरून उतरले.

काढणं मात्र त्याच रात्री घरी, एकटीने. वर बघायचं, बोटाने लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवायची आणि दोन बोटांच्या मऊ भागात हलकेच चिमटायची. मी दहा मिनिटं उजवा डोळा चिमटत बसले. डोळा लाल, लेन्स येईना. मनात आलं, मागे गेली असेल, मेंदूत. (जात नाही. पापणीच्या आतली त्वचा वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागालाच जोडलेली असते, मागे वाटच नाही.) शेवटी पाहिलं तर लेन्स केव्हाच निघून बेसिनच्या कडेला चिकटली होती आणि मी नुसताच डोळा चिमटत होते. तिच्यावर नळ सोडणार होते, तेवढ्यात त्या मुलीचा आवाज आठवला: "नळाचं पाणी नको. फिल्टरचं नको. उकळून गार केलेलंसुद्धा नको."

इथे मला आजी आठवली. आमची आजी वाईची, सोवळ्याची. तिची धाबळी वळणीवर काठीने वाळत घातलेली असायची, कुणाचा हात लागू नये म्हणून. तिच्या सोवळ्यातलं बरंचसं मला तेव्हाही पटायचं नाही आणि आज तर नाहीच; कोण कुणाला शिवलं यावर ठरणारी शुद्धता मला नको. पण लेन्स लावायला लागल्यापासून मी रोज सकाळी बेसिनपाशी जे करते ते आजीने पाहिलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असती. हात साबणाने धुवायचे, तोही तेलकट क्रीमवाला साबण नको. दोरे न सुटणाऱ्या पंच्याला पुसायचे. त्यानंतर दाराच्या कडीला हात लागला की ओवळं, पुन्हा धुवा. आजीला एकच गोष्ट पटली नसती: या सोवळ्यात पाणीच ओवळं. पाण्यात अकँथअमीबा नावाचा एक जीव असू शकतो. लेन्समागे अडकला तर बुबुळात शिरतो. क्वचित होतं, पण झालं तर महिनोन्‌महिने औषधं आणि कधी कधी नजरच जाते. म्हणून लेन्स लावून अंघोळ नाही, पोहणं नाही.

आणि शिळं-ताजं. लेन्स रात्री ज्यात बुडवून ठेवायची ते निर्जंतुक करणारं द्रावण म्हणजे सोल्यूशन. डबीतलं कालचं सोल्यूशन ओतून टाकायचं, त्यातच नवीन भर घालायची नाही. मी पहिल्या आठवड्यात काटकसर म्हणून नेमकं तेच केलं होतं, वरून दोन थेंब. कालच्या आमटीत पाणी घालून आज वाढावी तसं. निर्जंतुक करायची ताकद संपलेल्या पाण्यात लेन्स रात्रभर भिजत पडत होती. बाटलीवर 'नो रब', म्हणजे चोळायची गरज नाही, असं छापलेलं असलं तरी लेन्स तळहातावर घेऊन बोटाने चोळायची, मग सोल्यूशननेच धुवायची. डबी रिकामी करून, पुसून, उघडी पालथी घालायची, आणि दर तीन महिन्यांनी नवी. महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट उघडल्यापासून एक महिना. मधले आठ दिवस लावली नाही म्हणून पुढे आठ दिवस वाढवून मिळत नाहीत. हा हिशेब माझ्यातल्या मध्यमवर्गीय बाईला अजून पचलेला नाही.

झोपायचं तर नाहीच लावून. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, ते प्राणवायू थेट हवेतून घेतं. वर लेन्स आणि त्यावर मिटलेली पापणी म्हणजे दोन गोधड्या एकावर एक.

हे सगळं नियमात बसवलं आणि मग ठेचा केला. दगडी खलात हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, सकाळी. रात्री लेन्स काढल्या. मध्ये चार-पाच वेळा हात धुतले होते. मिरची पाण्याने जात नाही हे कुठल्याही बाईला माहीत असतं, मलाही होतं. तरी. त्या रात्री मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्या लेन्स फेकल्या. आता ठेच्याच्या दिवशी चष्मा, किंवा ठेचा नवऱ्याकडे. उलट कांदा चिरताना मात्र चैन आहे, डोळ्यांतून टिपूस येत नाही.

एक नुकसान झालं ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. चष्मा काढला की मला वीतभर अंतरापेक्षाही जवळचं अगदी बारीक दिसतं. आजी लहानपणी सुई माझ्याकडेच द्यायची, "ढापणे, ओव गं एवढी," आणि मी चष्मा कपाळावर सारून एका झटक्यात ओवून द्यायचे. लेन्स लावल्यावर कपाळावर सारायला काही उरत नाही. शिवाय मायनसच्या चष्म्यातून वाचताना डोळ्याला जोर थोडा कमी लावावा लागतो, लेन्समध्ये तो पुरता लावावा लागतो. चाळिशीनंतर तेवढा जोर कुठला आणायचा? आता औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचायला लेन्सवर वाचायचा चष्मा चढवते. चष्मा सुटावा म्हणून लेन्स घेतल्या, आणि पर्समध्ये दोन चष्मे झाले.

या मऊ लेन्सचा जन्म फार घरगुती आहे. प्रागमधल्या ओटो विख्तर्ले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरातच, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याच्या तुकड्यांतून यंत्र जोडलं, त्याला सायकलचा डायनॅमो लावला आणि फिरत्या साच्यात पहिल्या चांगल्या लेन्स ओतल्या. सणाच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर असला पसारा! त्याच्या बायकोचं कौतुक वाटतं.

विसर्जनासाठी त्या मुलीने रोजच्या लेन्स दिल्या, एकदा लावून फेकायच्या. "धूळ, गुलाल, घाम. महिन्याच्या लेन्स त्यात घालू नका." सकाळी अकराला लावल्या. आमचा नंबर टिळक रस्त्यावर दुपारी चारचा होता, म्हणजे प्रत्यक्षात लागला रात्री नऊला. पहिला दीड तास मी जन्मात वाजवला नाही असा ढोल वाजवला. ताशेवाल्याची भुवईसुद्धा दिसत होती. साडेदहाला मात्र डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायला लागलं. त्यात कुणीतरी वरून गुलालाची मूठ उडवली.

पथकातल्या एकीचं माहेर सदाशिव पेठेत, मागच्याच गल्लीत. तिथे पळाले. बोटांना फोड येतात म्हणून आम्ही चिकटपट्ट्या बांधतो. त्या सोडल्या, दोनदा साबण लावला, लेन्स काढून कचऱ्याच्या डब्यात. तिच्या आईने न विचारता देवघरातल्या कलाव्याचा, म्हणजे पूजेच्या लाल दोऱ्याचा, एक तुकडा तोडून आणला आणि माझ्या चष्म्याच्या दोन्ही काड्यांना मागून गाठ मारून दिली.

"आता नाही पडायचा. जा," म्हणाल्या.

पहाटे चारपर्यंत वाजवलं. मधूनमधून अर्धा ठोका मागे.