पोह्याएवढा टवका

शाई कागद खाते, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. माजूफळ, हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि डिंक यांची ती जुनी पोर्तुगीज शाई. त्यातलं आम्ल आणि लोखंड मिळून कागद आतून जाळतात. कारकुनाने टाक भरभरून लिहिलं असेल, तिथे अक्षराच्याच आकाराचं भोक पडतं. म्हणून ठळक नावं आधी जातात आणि बारीक अक्षरातल्या अटी शाबूत राहतात.

त्या दिवशी माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर कार्ताझच्या नोंदींचं पान होतं. कार्ताझ म्हणजे पोर्तुगीजांचा समुद्रपरवाना. सोळाव्या शतकात त्यांनी हिंदी महासागर आपल्याच मालकीचा ठरवला आणि इथल्या जहाजांना परवाने घ्यायला लावले. नाखवा कोण, तोफा किती, जाणार कुठे. वाटेत आमच्या बंदरात जकात भरा, मिरी भरू नका. हप्ताच तो, आणि तो देऊनही भरवसा नाही. १६१३ मध्ये जहांगिराच्या आईचं ‘रहीमी’ जहाज त्यांनी सुरतेजवळ धरलं, तेव्हा त्यावर कार्ताझ होता.

माझ्या पानावर नाखव्याच्या नावाच्या जागी भोक होतं. खालच्या टीपकागदावर पोह्याएवढा एक टवका सापडला. त्यावर ‘m’. भोकाच्या कडेला बसवून पाहिला, बसला. महंमद असेल, मनात आलंच. सर दारात उभे: स्कॅनिंगवाला पाचला जातो, महिन्याची पानं भरायची आहेत. त्यांना आकडा लागतो, पान नाही. जिलेटिन लावून वाळवलेला जपानी टिश्यू, म्हणजे पातळ कागद, जेमतेम ओलसर केला आणि टवका चिकटवला. छान झालं होतं काम. सांधा बोटाला लागत नव्हता.

रात्री भांडी घासताना आठवलं. त्या कागदात जाळीच्या बारीक रेघा असतात, उजेडावर धरलं की दिसतात. मी टवका उजेडावर धरलाच नव्हता.

सकाळी लाइट टेबलवर पान ठेवलं. पानाच्या रेघा आडव्या, टवक्याच्या उभ्या. म्हणजे टवका आडवा बसवलाय. मनातल्या मनात तो उजवीकडे फिरवला. ‘m’ नव्हतंच ते, ‘3’ होता. दोन ओळी खाली, तोफांच्या आकड्याच्या जागीही भोक आहे.

काढायचा तर जिलेटिन ओलं करावं लागेल. कडेला तपासणीची पट्टी टेकवली तर ती लगेच गुलाबी झाली; सुटं लोखंड भरपूर. पाणी लागलं की ते आजूबाजूच्या अक्षरांत पसरणार. सरांना सांगितलं. म्हणाले, “एक अक्षर तर आहे, बाई. स्कॅन गेलाय.”

नोंदवहीत मी पेन्सिलने लिहून ठेवलंय. स्कॅन बघणाऱ्याला ती वही दिसत नाही. पान अजून माझ्याच खणात आहे. कालही पट्टी लावून पाहिली, गुलाबीच झाली.