शिमग्याला होडीने

मुंबईचा चाकरमानी शिमग्याला गावी येतो तो दक्षिणेकडे तोंड करून. आम्ही नवरा-बायको येतो ते गोव्याकडून, उत्तरेला, आणि राहत्या घरासकट. दिवाळी झाली की शिडाच्या होडीवर मुक्काम हलवायचा, मांडवीत नांगर टाकून थंडी काढायची आणि फाल्गुन लागता लागता वाशिष्ठीकाठच्या आमच्या वाडीकडे निघायचं, असा आमचा परिपाठ. नकाशावर हे अंतर जेमतेम दोन अंश अक्षांश. एक अंश म्हणजे 60 सागरी मैल. किनारा थोडा पश्चिमेला सरकतो ते धरून सव्वाशेच्या थोडं वर. एसटीचा ड्रायव्हर ऐकून हसेल.

हसू दे. त्याला वारा आडवा येत नाही. या दिवसांत कोकण किनाऱ्यावर दुपारचा वारा वाहतो वायव्येकडून, म्हणजे जवळपास आमच्या घराकडूनच. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही; एकदा खोल समुद्राकडे, एकदा किनाऱ्याकडे, असं तिरकं तिरकं चढत जावं लागतं. घराकडे मैलभर सरकायला सव्वा-दीड मैल पाणी कापायचं, वर नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, लाटांचे धपाटे. आमची शेगडी दोन खुंट्यांवर झोपाळ्यासारखी टांगलेली आहे. होडी कितीही कलली तरी ती आपली सपाट, टोप कड्यांत आवळलेला, पेज सांडत नाही. पेज ढवळणाऱ्याला मात्र कुणी टांगून ठेवलेलं नसतं.

यावर तोडगा एकच, आणि तो फत्तेमाऱ्या हाकणाऱ्या जुन्या तांडेलांना पुरता ठाऊक होता: मतलई. रात्री जमीन लवकर गार होते, समुद्र ऊब धरून राहतो, मग मध्यरात्र उलटली की सह्याद्रीकडून समुद्राकडे वारा सुटतो. होडीच्या उजव्या कुशीला लागतो, किनाऱ्याच्या आडोशाने पाणी सपाट, आणि होडी अशी सरळ पळते की दुपारी आपण कशाला झगडत होतो असं वाटावं. सकाळी आठ-नऊला हा वारा पडतो. मग दुपारच्या खाऱ्या वाऱ्यापर्यंत शीड नुसतं लोंबतं.

त्यामुळे आमचं घड्याळ उलटं. दिवसा विजयदुर्गच्या खाडीत नाहीतर असल्याच कुठल्या आडोशाला झोपायचं आणि गाव झोपलं की निघायचं. रात्री दिव्यांच्या आधी वास येतात. देवगडसमोर दोन मैल बाहेर असताना उशिराच्या मोहोराचा गोडसर, किंचित उग्र वास आला. पाठोपाठ सुक्या मासळीचा, मग कुणाच्या तरी पाणचुलीच्या धुराचा. वाऱ्याबरोबर अख्खी वाडी होडीवरून जाते. अर्थात नाक वर करून बसायची सोय नसते, कारण समोर जाळी असतात. थर्माकोलचा तुकडा, त्यात खोचलेली काठी, काठीला काळं फडकं. अंधारात काळं फडकं लावणाऱ्याच्या कल्पकतेला माझा नमस्कार. हल्ली काही जण लुकलुकणारे दिवे लावतात, त्यांचं भलं होवो.

सकाळी वारा पडून आम्ही असेच तरंगत होतो तेव्हा एक मच्छीमार बोट मुद्दाम वळून जवळ आली.

“इंजान बंद पडला काय वो?”

“नाय, वाऱ्याची वाट बघतंव.”

तांडेलाने खलाशाकडे पाहिलं. खलाशाने आमच्याकडे. मग चार बांगडे आमच्या फळ्यांवर येऊन पडले. “हे घेवा, वारो येयसर भाजून खावा.” याचे आजोबा याच पाण्यात वाऱ्याचीच वाट बघत असतील, नातवाला मात्र आमची दया आली. इंजिन आमच्याकडेही आहे, पण ते सुरू केलं की होडीवर ना बोलता येतं ना झोपता येतं, म्हणून मी खाडीच्या तोंडाशीच हात लावतो. बायकोचं याबाबत वेगळं मत आहे.

नातेवाईक मला कमांडर दिलीप दोंद्यांचं नाव सुनावतात. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून 2009-10 मध्ये ते एकटे, चार बंदरं घेऊन, पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले, आणि तुम्हाला गुहागर गाठवत नाही! त्यांच्याशी तुलना व्हावी एवढी माझी लायकी नाही. पण दक्षिण महासागरात पूर्वेकडे जाणाऱ्याला वारा बहुतेक पाठीमागून मिळतो, एवढं नोंदवून ठेवतो.

यंदा जयगडपर्यंत आलो आणि मतलई सुटेचना. आईचा फोन आला. “पालखी उद्या आपल्या खळ्यात येत्ये. कुठे रखडलाय?”

“जयगडला. वारा नाही.”

“मग तवसाळच्या फेरीबोटीने या की! पुढे एसटी आहे.”

होडी नांगरावर एकटी सोडून दोघांनी जाणं शक्य नव्हतं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बायकोने पिशवी भरली होती.